खुंट्यांनीं राखलेलें गांव

इंग्लंडांतील खेडें म्हटलें कीं कुंपणांनीं वेढलेलीं शेतें डोळ्यांपुढें येतात. परंतु नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन गांवीं मध्ययुगीन मोकळ्या शिवारांची वहिवाट आजहि चालू आहे, हें वाचून वाचकांस नवल वाटेल. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कायद्यानें अनेक गांवांचीं शिवारें कुंपणांत गेलीं व गरिबांचे चराईचे हक्क बुडाले. येथें तीन मोठीं शिवारें वांचलीं.

प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्हीं शिवारांत विखुरलेल्या असतात. मध्यें बांध नाहीं कीं कुंपण नाहीं. एकांत गहूं, दुसऱ्यांत वसंतांतील पीक, तिसऱ्यास विसांवा, अशी परंपरागत पाळी. नोव्हेंबरअखेर पंच गव्हाचें शिवार पाहतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात. सामाईक वाटेवर नांगर घालणाऱ्यास दंड होतो. पुढील आठवड्यांत गांवच्या ‘डव्हकोट इन’ या मद्यगृहांत ‘कोर्ट लीट’ ही ग्रामसभा भरते.

शिवारांतील पट्टीन् पट्टी दाखविणारा १६३५ सालचा नकाशा उपलब्ध आहे. गांवची जमीन १९५२ सालीं सरकारकडे, १९८१ सालीं राजसंपदेकडे व २०२० सालीं पूर्वीच्या मालकघराण्याच्या थोर्सबी इस्टेटीकडे गेली. प्रत्येक विक्रीच्या वेळीं वहिवाट टिकेल ना, ही चिंता होतीच. मालक बदलले, खुंट्या मात्र अजून पंचच ठोकतात.