नाव बदलले, पिनकोड तोच

औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर 2023 मध्ये झाले. मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड मात्र 431001 हाच राहिला. नाव माणसांसाठी, आकडा पोचवणाऱ्यांसाठी. इंटरनेटचेही असेच. आपण संकेतस्थळाचे नाव टाइप करतो, संगणकाला लागतो तो आयपी पत्ता, म्हणजे आकडा. नाव विचारल्यावर आकडा सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. तिचा आराखडा पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये मांडला.

पण सांगणाऱ्यालाच कुणी चुकीचा पत्ता पढवून ठेवला तर? प्रत्येक प्रश्नासोबत 16 बिटांचा क्रमांक जातो आणि तोच क्रमांक घेऊन आलेले उत्तर खरे मानले जाई. शक्यता फक्त 65,536. खोट्या उत्तरांचा भडिमार करून हा क्रमांक गाठता येतो आणि ते खोटे उत्तर सर्व्हरच्या साठवणीत जाऊन बसते, हे सुरक्षा-संशोधक डॅन कामिन्स्की यांनी 2008 मध्ये दाखवले. मग बँकेचे नाव अचूक टाइप करूनही ग्राहक भामट्याच्या दारात. तातडीचा उपाय म्हणून प्रत्येक प्रश्न वेगवेगळ्या पोर्टवरून, म्हणजे संगणकाच्या वेगवेगळ्या क्रमांकाच्या दारातून, पाठवणे सुरू झाले; मग भामट्याला क्रमांकासोबत दारही ओळखावे लागते. डॅनियल बर्नस्टीन यांच्या डीजेबीडीएनएस या सर्व्हर-सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आधीपासूनच होती.

संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा भागातल्या एखाद्या कारखान्याने स्वतःचा डीएनएस सर्व्हर उभारला, तर कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? बाइंड सर्वांत जुन्यांपैकी, सगळी कामे एकटे करणारे; पण पसारा मोठा म्हणजे भोके सापडण्याच्या जागाही जास्त. 2001 मध्ये ‘लायन’ हा स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्रॅम (वर्म) त्याच्याच एका भोकातून शिरला होता. नेदरलँड्सच्या एनएलनेट लॅब्जने कामे वाटून दिली: अनबाउंड इतरांचे पत्ते शोधून आणते, एनएसडी फक्त आपल्याकडच्या नावांची उत्तरे देते. दोन्ही कामे वेगळी ठेवा, पत्ते शोधण्याची सेवा बाहेरच्यांना बंद ठेवा, प्रोग्रॅमला रूटचे, म्हणजे संगणकावरचे सर्व, अधिकार देऊ नका आणि डीएनएससेक वापरा. उत्तरावर डिजिटल सही असली की बनावट उत्तर पकडले जाते.

बर्नस्टीन यांनी आपल्या डीजेबीडीएनएसमधले भोक दाखवणाऱ्याला 1,000 डॉलर जाहीर केले होते. 2009 मध्ये मॅथ्यू डेम्प्स्की यांनी ते मिळवले. तोवर त्या सॉफ्टवेअरची अधिकृत आवृत्ती 2001 पासून बदललेली नव्हती. तेव्हा निवड करताना एवढेच विचारा: याची डागडुजी आज कुणी करते आहे का, आणि ती आपण वेळेवर बसवणार आहोत का?