चार मैत्रिणी, एक घर: ‘गोल्डन गर्ल्स’ 40 वर्षांनी रत्नागिरीतून बघताना

रील बघता बघता कधीतरी हा सीन तुमच्यासमोर आला असेल. रात्रीची वेळ, टेबलाभोवती गाऊन घातलेल्या चार बायका आणि मधे चीजकेक. एक टोमणा मारते, दुसरी काहीतरी भाबडं बोलून जाते आणि मागे हशा पिकतो. खाली कमेंटही ठरलेली असते. मैत्रिणीला टॅग करून लिहिलेलं असतं, ‘म्हातारपणी आपण असंच राहायचं हां!’

ही मालिका म्हणजे ‘द गोल्डन गर्ल्स’. ती सुरू झाली त्याला 40 वर्षं उलटली. इतक्या वर्षांत तिच्यातलं काय शिळं झालं, काय टिकलं? आणि ती कमेंट आपल्याकडे, समजा रत्नागिरीत, खरी करायची म्हटली तर अडतं कुठे?

मालिका नेमकी काय होती?

14 सप्टेंबर 1985 ला अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर ती सुरू झाली आणि मे 1992 मध्ये संपली. सात सीझन, 180 भाग. लेखिका सुझन हॅरिस यांची ही निर्मिती.

गोष्ट साधी. मायामीमध्ये ब्लँश नावाच्या विधवेचं मोठं घर आहे. तिथे रोझ ही दुसरी विधवा आणि डोरोथी ही घटस्फोटित शिक्षिका भाड्याने राहायला येतात. डोरोथीची आई सोफिया ज्या वृद्धाश्रमात असते तिथे आग लागते, मग तीही येते. झाल्या चार.

गंमत म्हणजे आई झालेल्या एस्टेल गेटी या मुलगी झालेल्या बी आर्थर यांच्यापेक्षा वयाने वर्षभर लहान होत्या! चौघींनाही या भूमिकांसाठी एमी पुरस्कार मिळाला. चौघींतल्या शेवटच्या बेटी व्हाइट 31 डिसेंबर 2021 ला गेल्या. शंभरी गाठायला फक्त 17 दिवस बाकी होते.

काय शिळं झालं?

बरंच काही. डोरोथीच्या दिसण्यावरून, जाड माणसांवरून आणि ब्लँशला किती पुरुष आवडतात यावरून मारलेले टोमणे आज ऐकताना हसू अर्ध्यावर थांबतं. 1988 च्या एका भागात रोझ आणि ब्लँश चेहऱ्याला चिखलाचा लेप लावून कृष्णवर्णीय पाहुण्यांसमोर येतात. 2020 मध्ये अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध आंदोलन पेटलं, तेव्हा हुलू या प्लॅटफॉर्मने तो भाग काढून टाकला. त्यावरही वाद झालाच. विनोद वर्णद्वेषी नव्हता, त्या दोघींची फजिती हाच विनोद होता, असं अनेकांचं म्हणणं पडलं.

दुसरी बाजूही आहे. 1989 मध्ये डोरोथीला सतत थकवा येतो आणि डॉक्टर ‘वय झालं, मनाचे खेळ आहेत’ म्हणून तिला परत पाठवतात, अशी गोष्ट मालिकेने दाखवली. खुद्द हॅरिस यांनाच हा अनुभव आला होता. 1990 च्या एका भागात रोझला एचआयव्हीची तपासणी करावी लागते. 1991 मध्ये ब्लँशच्या भावाला पुरुषाशी लग्न करायचं असतं. हे भाग आजही जुने वाटत नाहीत.

पण ‘म्हातारी’ म्हणजे किती वर्षांची?

ब्लँश झालेल्या रू मॅक्लॅनहन मालिका सुरू झाली तेव्हा 51 वर्षांच्या होत्या. आज 51 वर्षांची बाई ऑफिसात प्रमोशनची वाट बघत असते.

अमेरिकेला हसण्याआधी आपल्याकडे बघू. 1989 च्या ‘मैंने प्यार किया’मध्ये रीमा लागू सलमान खानची आई झाल्या, तेव्हा त्या 31 वर्षांच्या होत्या आणि सलमान 23 चा! 1994 मध्ये सचिन पिळगांवकर यांच्या ‘तू तू मैं मैं’ मध्ये त्या सासू झाल्या. सून झालेल्या सुप्रिया पिळगांवकर त्यांच्यापेक्षा नऊच वर्षांनी लहान. ती मालिका आजही हसवते. पण तिथे दोन बायका समोरासमोर येतात त्या भांडायला.

मराठी पडद्यावर काय घडलं?

आपल्या पडद्यावर आज्या, सासवा, आत्या भरपूर. पण बहुतेकींची ओळख कुणाची तरी कोण अशीच.

2019 मध्ये झी मराठीवर ‘अग्गंबाई सासूबाई’ आली. विधवा आसावरीचं (निवेदिता सराफ) लग्न तिची सूनच लावून देते. पाऊल मोठं होतं. तरी एकटेपणावर उत्तर म्हणून पुन्हा लग्नच आलं.

2021 च्या ‘झिम्मा’मध्ये वेगवेगळ्या वयाच्या बायका एकत्र परदेशात फिरायला जातात. 2023 च्या ‘बाईपण भारी देवा’मध्ये सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. बायका गटागटाने, साड्या नेसून थिएटरात गेल्या आणि मराठीत सर्वाधिक कमाई करणाऱ्या चित्रपटांत तो जाऊन बसला.

म्हणजे प्रेक्षक आहे. पण ट्रिप संपते, स्पर्धा संपते आणि प्रत्येक बाई आपापल्या घरी जाते. गोल्डन गर्ल्स घरी जात नाहीत, कारण तेच त्यांचं घर आहे. 40 वर्षांनंतरही नवी वाटते ती हीच गोष्ट.

यात रत्नागिरी कुठून आली?

आकडे बघा. 2011 च्या जनगणनेत राज्यात दर हजार पुरुषांमागे 929 स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात 1,122. त्याआधीच्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्याही वाढायची सोडून 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आली.

कारण आपल्याला पाठ आहे. पुरुष मुंबईला, आधी गिरणीत, मग नोकरीला. मनीऑर्डर गावाला. आता मुलं-सुनाही तिकडेच. गणपतीत आणि मे महिन्यात घर भरतं, मग चाकरमानी परततात आणि मोठ्या घरात एक आजी उरते. शेजारच्या घरातही एक आजी.

दुपारी त्या एकमेकींकडे बसतात, साटं घालतात, भजनाला जातात. दिवेलागणीला मात्र आपापल्या घरात दिवा लावायला परततात.

आणि बायकांनी एका छपराखाली राहण्याची कल्पना या मातीला परकी नाही. मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये विधवांसाठी पुण्यात आश्रमाचं काम सुरू केलं. त्यांच्या पत्नी आनंदीबाई आणि मेहुणी पार्वतीबाई आठवले या देवरूखच्या, दोघींच्याही वाट्याला वैधव्य आलेलं. आश्रमासाठी निधी जमवायला पार्वतीबाई अमेरिकेपर्यंत गेल्या. देवरूखातच 1954 मध्ये इंदिराबाई हळबे, म्हणजे मावशी, यांनी मातृमंदिर उभं केलं. पण या संस्था होत्या, निराधार बाईला आधार देणाऱ्या. गोल्डन गर्ल्सच्या चौघी निराधार नाहीत. त्यांनी एकमेकींना निवडलंय.

मग अडतं कुठे?

उत्तर मालिकेतच आहे. घर ब्लँशच्या नावावर आहे. कोण राहणार हे ती ठरवते.

कोकणात बाई घर राखते, पण सातबारावर आणि घराच्या उताऱ्यावर सासऱ्यांपासून दीर-पुतण्यांपर्यंत नावांची रांग असते. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलांच्या बरोबरीने वाटा दिला. पण वाटप झालंच नसेल, तर वाटा कागदावरच राहतो. मग ‘शेजारची काकू आमच्याकडेच राहील’ असं ती कुणाला विचारून म्हणणार?

म्हणून दोन गोष्टी माहीत हव्यात. नवरा गेल्यावर वारस म्हणून आपलं नाव कागदावर लागलंय ना, हे तलाठ्याकडे आणि ग्रामपंचायतीत बघून घ्यायचं. आणि ‘आई, सही कर, आम्ही बघतो तुझं’ असं म्हणून घर बक्षीसपत्राने मुलांच्या नावावर होत असेल, तर सांभाळण्याची अट त्यात लिहून घ्यायची. साठी ओलांडलेल्या व्यक्तीने अशा अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे अट पाळली गेली नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम 23 नुसार न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं.

मालिकेत डोरोथी आईला धाक घालते तो एकच, ‘परत वृद्धाश्रमात पाठवीन.’ दरवेळी हशा पिकतो. चौघींतली सोफियाच अशी आहे की तिने कुठे राहायचं हे दुसरं कुणीतरी ठरवू शकतं. तो हशा आता जरा टोचतो.

तेव्हा पुढच्या वेळी त्या रीलखाली मैत्रिणीला टॅग कराल, तेव्हा आईला किंवा आजीलाही एक फोन करा. विचारा, ‘घराच्या उताऱ्यावर तुझं नाव आहे का गं?’