मोठ्या मुलांमधील शय्यामूत्र आणि गाढ झोप : कारणे व उपाय

प्रस्तावना :
झोपेत नकळत अंथरूण ओले होणे यास शय्यामूत्र असे म्हणतात. वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत ही बाब वाढीचा स्वाभाविक भाग मानली जाते. सात वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५ ते १० टक्के मुलांमध्ये ती आढळते. त्यांपैकी दरवर्षी सुमारे १५ टक्के मुले उपचारांविना बरी होतात. काहींची समस्या मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत आणि क्वचित त्यापुढेही टिकते. असे मूल सहल, शिबिर आणि पाहुण्यांकडील मुक्काम टाळू लागते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला तर ही पळवाटही नसते. त्यामुळे हा प्रश्न केवळ वैद्यकीय न राहता शैक्षणिकही ठरतो.

कारणमीमांसा :
'ढोल वाजवले तरी हा उठत नाही', ही पालकांची नेहमीची तक्रार असते. तिच्यात तथ्य आहे. परंतु त्यावरून मूल आळशी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. शय्यामूत्रामागे प्रामुख्याने तीन कारणे असतात : रात्री व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचे प्रमाण पुरेसे न वाढल्याने अधिक मूत्र तयार होणे, मूत्राशयाची धारणक्षमता कमी असणे आणि मूत्राशय भरल्याचा संदेश मिळूनही जाग न येणे. हाँगकाँग येथील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीव्र शय्यामूत्र असलेल्या मुलांची झोप वारंवार चाळवते, तरीही ती पूर्णपणे जागी होत नाहीत, असे आढळले. म्हणजेच वरून गाढ दिसणारी झोप प्रत्यक्षात अस्वस्थ असू शकते. आनुवंशिकतेचा प्रभावही मोठा आहे. आई किंवा वडिलांना बालपणी हा त्रास झाला असल्यास अपत्यात त्याची शक्यता लक्षणीय वाढते. जे मूल झोपेत जाणूनबुजून काहीच करीत नाही, त्याला शिक्षा करून काहीही साध्य होत नाही.

उपाययोजना :
१) दिनक्रम : पाणी दिवसभरात भरपूर द्यावे, झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत कमी करावे. सायंकाळी चहा व कोला पेये टाळावीत. झोपताना लघवीस जाण्याची सवय लावावी. बद्धकोष्ठतेमुळे मूत्राशयावर दाब येतो. म्हणून तिचा उपचार आधी करावा.

२) अलार्म : ओलावा लागताच वाजणाऱ्या या उपकरणाचा पद्धतशीर वापर मॉवरर दांपत्याने १९३८ मध्ये मांडला. सुमारे दोन-तृतीयांश मुलांना त्याचा लाभ होतो. आरंभी घरातील सर्वजण जागे होतात आणि मूल तेवढे झोपून राहते. अशा वेळी पालकांनी त्याला पूर्ण जागे करून, स्वतःच्या पायांनी शौचालयापर्यंत चालत न्यावे. अर्धवट झोपेत उचलून नेल्याने अंथरूण कोरडे राहील, परंतु जागे होण्याची सवय लागणार नाही. सलग १४ रात्री कोरड्या जाईपर्यंत, साधारणतः दोन ते तीन महिने, चिकाटी आवश्यक असते.

३) औषध : डेस्मोप्रेसिन हे औषध वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे. शिबिरासारख्या अल्पकालीन प्रसंगी ते उपयुक्त ठरते. मात्र ते घेतल्यावर रात्री जास्त पाणी प्यायल्यास रक्तातील सोडिअमची पातळी धोकादायकरीत्या घटू शकते.

सहा महिने कोरडे राहिल्यानंतर त्रास पुन्हा सुरू होणे, अतितहान, लघवीस जळजळ, दिवसाही कपडे ओले होणे किंवा झोपेत मोठ्याने घोरणे, यांपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास तपासणी विनाविलंब करून घ्यावी. त्यामागे मधुमेह, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा झोपेतील श्वसनाचा अडथळा असू शकतो.

समारोप :
शाबासकी कोरड्या रात्रीसाठी नव्हे, तर दिनक्रम पाळल्याबद्दल द्यावी. कारण मुलाच्या हाती तेवढेच असते. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी जादा चादर गुपचूप उपलब्ध करून देणे आणि चारचौघांत वाच्यता न करणे, यासाठी कोणताही खर्च येत नाही. भावी शिक्षकांच्या प्रशिक्षणात या विषयाला स्थान मिळाल्यास अनेक मुलांची अपमानापासून सुटका होईल. जाग येण्याची क्षमता सरावाने व वयानुसार विकसित होते. तोवर मुलाचा आत्मसन्मान जपणे ही मोठ्यांची जबाबदारी ठरते.