स्क्विड आणि ७७ केल्विनचा सौदा

थर्मल नॉइजला मराठीत काय म्हणायचं? मी पडले कॉन्व्हेंटवाली. मैत्रिणीने 'औष्णिक गोंगाट' सुचवलं, पण मला 'उष्णतेची कुरबुर' जास्त पटतं. कारण हा आवाज बाहेरून येत नाही, वस्तूच्या आतच असतो. रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन तापमानामुळे सतत धडपडतात आणि त्यातून इवलंसं व्होल्टेज उमटत राहतं. १९२८ साली बेल लॅब्जच्या जॉन्सनने हे मोजून दाखवलं, नायक्विस्टने त्याचं गणित मांडलं. आपण तो फॉर्म्युला परीक्षेपुरता पाठ करतो. स्क्विडवाल्यांना मात्र तो रोज भोवतो.

स्क्विड म्हणजे सुपरकंडक्टरची बारीक कडी आणि तिच्यात मुद्दाम ठेवलेले दोन कच्चे दुवे, म्हणजे जोसेफसन जंक्शन्स. कडीतला चुंबकीय फ्लक्स बदलला की व्होल्टेज खालीवर होतं. दर एका फ्लक्स क्वांटमला तेच चक्र पुन्हा. यावर मेंदूचं चुंबकीय क्षेत्रसुद्धा मोजतात, आणि ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण पन्नास कोटी पट क्षीण!

जुन्या स्क्विडना ४.२ केल्विनचं द्रव हेलियम लागतं, जे महाग आणि दुर्मिळ. १९८७ मध्ये वायबीसीओ हे सिरॅमिक सापडलं, जे ९० केल्विनच्या वरही सुपरकंडक्टर राहतं. मग ७७ केल्विनचं द्रव नायट्रोजन पुरतं. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी आपल्याकडे खेड्यापाड्यांत कॅनमधून पोचतं, तेच हे नायट्रोजन.

पण तापमान १८ पट झालं, तशी कुरबुरही वाढली. बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान गुणिले दोन पाय, भागिले फ्लक्स क्वांटम, एवढं कॅल्क्युलेटरवर करून बघा. हेलियममध्ये ०.१८ मायक्रोअँपिअर येतात, नायट्रोजनमध्ये ३.२. जंक्शनचा क्रिटिकल करंट याच्या कितीतरी वर हवा, नाहीतर व्होल्टेजचं ते छान चक्र पुसट होत जातं. कडीचंही तसंच. १०० पिकोहेन्रीच्या कडीत ७७ केल्विनला नुसत्या उष्णतेने जवळजवळ एक षष्ठांश फ्लक्स क्वांटमचे हेलकावे बसतात. म्हणून कडी लहान करायची. पण लहान कडी क्षेत्र कमी गोळा करते! त्यामुळे तिला मोठं पिकअप लूप जोडावं लागतं. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं, असली ही चादर.

शिवाय फिल्ममध्ये अडकलेले चुंबकीय भोवरे उष्णतेने इकडून तिकडे उड्या मारतात. हा नॉइज कमी फ्रिक्वेन्सीला जोर करतो, आणि मेंदूचे सिग्नलही नेमके तिथेच असतात. फिल्मच्या पट्ट्या अरुंद ठेवल्या की भोवरे आत शिरणं अवघड होतं.

तरी माझं मत नायट्रोजनच्याच बाजूने आहे. हेलियमच्या भांड्याला जाड इन्सुलेशन लागतं, त्यामुळे सेन्सर डोक्यापासून काही सेंटिमीटर दूर राहतो. नायट्रोजनवाला काही मिलिमीटरवर येतो, आणि जवळ गेलं की सिग्नल मोठा होतो. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात याच हिशोबावर माणसाच्या मेंदूचे सिग्नल घेतले आहेत. तिथे कुरबुर कमी केलेली नाही, तिच्यापेक्षा मोठ्याने बोलणारा सिग्नल गाठलाय.