ट्रॅक्टरच्या पॉवर स्टिअरिंगची गळकी नळी घरी कशी बदलावी

एरंडोल तालुक्यात बैलजोडीची जागा ट्रॅक्टरने घेतली त्यास आता पुष्कळ वर्षे लोटली. अलीकडे जे ट्रॅक्टर येतात, त्यांपैकी कित्येकांस पॉवर स्टिअरिंग असते. त्यामुळे काळ्या जमिनीच्या ढेकळांतही चाक एका हाताने वळते, ही सोय मोठीच होय. परंतु या सोयीचा सारा भार तीन-चार रबरी नळ्यांवर आहे. नळी गळू लागली की कोणी तिला चिंधी गुंडाळतो, कोणी वरून तेल घालून दिवस काढतो. हे दोन्ही उपाय घातुक आहेत. नळी बदलण्याचे काम शेतकऱ्यास घरी करता येण्याजोगे आहे. मात्र ते कोणत्या रीतीने करावे, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम रचना पाहू. इंजिनावर फिरणारा पंप टाकीतील तेल ओढून दाबाने स्टिअरिंगखालच्या झडपेकडे पाठवितो. चाक ज्या बाजूस वळवावे त्या बाजूच्या नळीतून ते तेल पुढील आसावरील सिलिंडरात जाते व चाके वळतात. उरलेले तेल परतीच्या नळीने टाकीत येते. ही युक्ती नवी नव्हे. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ च्या सुमारास ती मोटारीवर चालवून दाखविली, आणि १९५१ साली क्रायस्लर कंपनीने ती विक्रीच्या मोटारीवर आणली.

आता दाबाचा विचार करू. ठिबकाच्या नळीत सुमारे एक बार दाब असतो. स्टिअरिंगच्या दाबनळीत तो शंभर बारांहूनही अधिक चढतो. सबब जळगावच्या बाजारात मिळणारी पाण्याची नळी, ती कितीही जाड असली तरी, येथे निरुपयोगी आहे. दाबनळीत आत तेल सोसणारे रबर, त्यावर पोलादी तारांची वीण व वरून पुन्हा रबर असते. उन्हाने व इंजिनाच्या उष्णतेने हे रबर कडक होऊन तडकते. कोठे पत्र्यास घासून तार उघडी पडते, व तेथूनच गळती सुरू होते.

गळती शोधण्यासाठी नळीवरून हात कदापि फिरवू नये. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार डोळ्यांस दिसत नाही, पण ती कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते व आरंभी फारशी दुखतही नाही. पुढे काही तासांत हात सुजतो, आणि उपचारास उशीर झाल्यास बोट किंवा हात कापण्याची पाळी येते. डिझेल इंजिनाच्या तेलाने झालेल्या अशा इजेची हकीकत अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात १९३७ सालीच छापून आली होती. असा प्रसंग घडल्यास घरगुती औषध न करता तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात जावे, व दाबाचे तेल कातडीखाली गेल्याचे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. शोध घेण्याची रीत अशी : इंजिन बंद असता नळ्या पुसून कोरड्या कराव्यात, मग इंजिन चालू करून काठीस बांधलेला पुठ्ठा नळीजवळून फिरवावा. पुठ्ठ्यावर डाग पडेल तेथे गळती समजावी. तेल सांध्यातून येत असेल तर कित्येकदा केवळ वायसर किंवा ओ-रिंग बदलल्याने काम भागते.

नळी काढण्यापूर्वी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून ब्रेक लावावा, मागील चाकांस दगडाची उटी द्यावी, अवजार जमिनीवर टेकवावे व किल्ली काढून घ्यावी. तेल निवू द्यावे. मग स्टिअरिंग डावी-उजवीकडे चार-पाच वेळा फिरवून अडकलेला दाब मोकळा करावा. नळी कोठून कशी गेली आहे याचे मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. सांधे स्वच्छ पुसून खाली पसरट भांडे ठेवावे. एका पान्याने मूळ जोड धरावा व दुसऱ्याने नट फिरवावा. एकाच पान्याने जोर केल्यास जोड पिळवटतो. उघड्या तोंडांस स्वच्छ प्लास्टिक बांधावे. आपल्याकडे कापसास तोटा नाही, म्हणून बोळा कोंबण्याचा मोह होतो. पण त्याचा एक तंतू आत गेला तरी झडप अडते.

जुनी नळी दुकानात सोबत न्यावी. लांबी, आतील व्यास, आटे व तोंडाचा कोन तंतोतंत जुळला पाहिजे. नळीवर छापलेला दाबाचा आकडा जुन्या नळीहून कमी नसावा. टोके यंत्रावर प्रेस करूनच घ्यावीत. दाबनळीस क्लिप आवळून चालत नाही. क्लिप ही फक्त परतीच्या नळीसाठी आहे, आणि तीही नळी तेल सोसणारीच हवी.

बसविताना नवे वायसर किंवा ओ-रिंग घालावी व आटे आधी हातानेच लावावेत. नळीवरील छापील रेघ सरळ राहिली म्हणजे नळीस पीळ पडला नाही असे समजावे. आट्यांस सुतळी वा टेप गुंडाळू नये. चाके दोन्ही टोकांस वळवून नळी कोठे ताणत किंवा घासत नाही हे पाहावे. नंतर पुस्तिकेत सांगितलेलेच तेल खुणेपर्यंत भरावे. पुढील आस जॅकने उचलून खाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत, व इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश दोन्ही टोकांपर्यंत अनेकदा फिरवावे. मग इंजिन मंद चालवून तसेच करावे; टोकाशी चाक दाबून धरू नये. तेलातील फेस जाईपर्यंत हवा आहे असे समजून तेल पुन्हा भरावे. शेवटी पुठ्ठ्याची परीक्षा पुन्हा घ्यावी.

पंप किंवा झडपच गळत असेल, अथवा हमीची मुदत चालू असेल, तर घरी हात न घालता मिस्त्रीकडे जावे. निघालेले तेल अंजनी नदीत वा बांधावर न ओतता डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्यास द्यावे.

कापूस भरलेली ट्रॉली घेऊन आपले लोक एरंडोलवरून जाणाऱ्या त्रेपन्न क्रमांकाच्या महामार्गावर रात्रीबेरात्री निघतात. अनेक ट्रॅक्टरांत स्टिअरिंग व चाके यांना तेलाखेरीज दुसरा सांधा नसतो. नळी फुटली की चाक हातात फिरते, पण ट्रॅक्टर वळत नाही. यास्तव ओली नळी दिसताच ट्रॅक्टर रस्त्यावर न काढणे, आणि दर हंगामाच्या आरंभी सर्व नळ्या इंजिन बंद असता तपासणे, हे शेतकऱ्याने आपले नित्यकर्म मानावे.