सशांना उन्हाळा का सोसवत नाही?

मे महिन्यात राजस्थानपासून विदर्भापर्यंत अनेक ठिकाणी पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो. सशाला मात्र ३० अंशांपुढेच उष्म्याचा त्रास सुरू होतो आणि ३५ अंशांनंतर त्याच्या जिवाला धोका संभवतो.

याचे कारण त्याच्या शरीररचनेत आहे. सशाला माणसाप्रमाणे घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो प्रामुख्याने कानांतील रक्तवाहिन्यांद्वारे आणि श्वासावाटे बाहेर टाकतो. भोवतालची हवाच तापली, तर हे मार्ग अपुरे पडतात. त्यामुळे केवळ पंखा लावून भागत नाही.

पिंजरा सावलीत, हवेशीर जागी ठेवावा. पत्र्याच्या छपरावर गवत पसरावे. कोरड्या हवेच्या प्रदेशात खिडक्यांना ओले गोणपाट लावल्यास गारवा मिळतो. दमट किनारपट्टीवर मात्र हवा खेळती राहणे अधिक महत्त्वाचे ठरते. पिण्याचे स्वच्छ, गार पाणी सतत उपलब्ध असावे. पाणी गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवता येते. दाणा पहाटे आणि सायंकाळी द्यावा. तीव्र उष्म्यामुळे नरांची प्रजननक्षमता काही आठवडे घटते, हेही व्यावसायिक पशुपालकांनी ध्यानात घ्यावे.

तोंड उघडे ठेवून धापा टाकणे, लाळ गळणे, कान लालसर व गरम होणे आणि निपचित पडणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी सशाला सावलीत नेऊन त्याचे कान साध्या पाण्याने ओले करावेत. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, कारण त्या धक्क्याने तो दगावू शकतो. त्यानंतर विनाविलंब पशुवैद्यकाकडे न्यावे.