हरळीची पारख आणि लागवड

दख्खनच्या काळ्या रानात ज्या हरळीशी शेतकऱ्यांच्या पिढ्या झगडल्या, तीच आज बंगल्याच्या अंगणासाठी चौरस फुटाच्या दराने विकत घेतली जाते. गणेशपूजेतील दूर्वा, बांधावरची हरळी आणि माळ्याच्या तोंडचे ‘बर्म्युडा’ यांचे कूळ एकच. मालाची पारख केल्याशिवाय पैसे न मोजणारा व्यापारी गवताच्या बाबतीत मात्र केवळ हिरव्या रंगावर भुलतो.

खरी हरळी जमिनीवरून धावते. तिच्या पेरापेरांतून मुळे फुटतात आणि जमिनीखालीही तिचे खोड पसरते. पान खोडापासून जेथे सुटते, तेथे बारीक पांढऱ्या केसांची झालर असते. ती पाहण्यास साधे भिंग पुरते. तुऱ्यात एकाच बिंदूपासून बहुधा 3 ते 6 नाजूक बोटे फुटतात. फसगत येथेच होते. नाचणीच्या कुळातील एका रानगवतालाही अशीच बोटे येतात. परंतु ते धावत नाही, चपट्या पांढुरक्या बुडख्याचा ठोंब करून एका जागी बसते. लव्हाळ्याची काडी बोटांत फिरविली की तीन कडा जाणवतात. त्याच्या गाठी मातीबरोबर एकदा अंगणात आल्या की सहजी निघत नाहीत. म्हणून तयार हिरवळीचे तुकडे घेताना खालची बाजू उलटून पाहावी.

जैन कुटुंबापुढे याहून मोठा प्रश्न आहे. वनस्पती हा एकेंद्रिय जीव. मुनिजन हिरवळीवर पाऊल ठेवीत नाहीत. अनेक श्रावक-श्राविकाही ते टाळतात. हिरवळ लावूच नये, हे उत्तर सरळ आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. लावायचीच असेल, तर निदान जागा चुकू नये. हरळीला रोज किमान सहा तास ऊन हवे. सावलीत ती विरळ होते, तण माजते, मग फवारणी आणि पुन्हा खोदाई. हिंसा वाढतच जाते. अशा जागी फरशी बरी. अर्धवट सावली असल्यास ‘मेक्सिकन’ नावाने मिळणारे झॉयसिया गवत पाहावे. ते सावकाश वाढते, त्यामुळे कापणीही कमी लागते.

निचऱ्याच्या जमिनीत जून-जुलैमध्ये दोन-तीन पेरांचे तुकडे सुमारे 10 सेंटिमीटर अंतरावर लावावेत. रुजेपर्यंत ओल टिकवावी. नंतर रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांआड भरपूर पाणी द्यावे. कापताना उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक काढू नये. थंडीत गवत पिवळसर पडले, तरी ते मेले असे समजून खताचा मारा करू नये.

फाटकापासून दारापर्यंत रुंद फरसबंदी वाट मात्र आधी आखावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना वीतभर खोल विटांची कड गाडावी. तरीही सांधे अधूनमधून तपासावेतच. एका पावसाळ्यात हरळी त्यांतून वर येऊन वाट झाकते, आणि गोचरीसाठी आलेल्या साधु-साध्वींना फाटकातूनच परतावे लागते.